घड्याळाची हत्यारं: स्विस, चिनी की उद्यमबागेत करून घेतलेली?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घड्याळ उघडून बसणारे हौशी साधारण दोन प्रकारचे. एक जण कपाटात पडलेली आजोबांची एचएमटी चालू करायला निघालेला असतो. लग्नात जावयाला घड्याळ द्यायची रीत होती, त्यामुळे आपल्याकडे अशी घड्याळं घरोघर निघतात. दुसरा सिकोचं ऑटोमॅटिक घेऊन त्याचं डायल, काटे, काच, बेझल (काचेभोवतीचं कडं) बदलतो आणि दुकानात मिळत नाही असं घड्याळ बनवतो. दोघंही विचारतात एकच: हत्यारांची पेटी कुठली घेऊ? दोघांचं उत्तर वेगळं आहे. मात्र ऑनलाइन दिसणारी ती शंभर-दीडशे नगांची पेटी दोघांनीही घेऊ नये. तिच्यातले निम्म्याहून अधिक नग म्हणजे पट्ट्याच्या पिना असतात, आणि उरलेल्यांपैकी घड्याळाच्या आत जायच्या लायकीचं फारसं काही नसतं.

आधी कामातला फरक बघू. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट ही चावीची घड्याळं. त्यातलं ०२३१ मशीन १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे चाकांच्या धुऱ्या टेकतात ते खडे), तासाला १८,००० ठोके देणारं. ते बंद पडलं असेल तर बहुतेक वेळा कारण एकच, वाळून गेलेलं तेल. म्हणजे मशीन पूर्ण सुटं करायचं, धुवायचं, तेल द्यायचं, जोडायचं. सिकोवाल्याचं तसं नाही. त्याच्या हातात बहुधा सिकोचं एनएच३५ मशीन असतं: २४ ज्वेल, २१,६०० ठोके. त्याच्या पोटात तो शिरतच नाही. बिघडलं तर अख्खं मशीन नवं बसवतो. त्याचं सगळं काम बाहेरून, काटे काढणं-बसवणं, काच दाबणं, झाकण उघडणं. एकाला टोकदार हत्यारं चांगली लागतात, दुसऱ्याला दाबायची. पैसे कुठे घालायचे ते इथेच ठरतं.

स्क्रूड्रायव्हर

एचएमटीवाल्याने इथे हात आखडू नये. पातं खाचेच्या लांबीइतकं रुंद हवं आणि खाचेच्या तळापर्यंत पोचायला हवं. स्वस्त संचातलं पातं टोकाला जाड असतं, खाचेच्या काठावरच टेकतं. जोर दिला की निसटतं आणि ब्रिजवर (चाकांना वरून धरणाऱ्या धातूच्या पट्टीवर) चकचकीत ओरखडा उठतो. पुढे कधीही कुणीही ते घड्याळ उघडलं की आधी इथे कोण येऊन गेलं, हे तो ओरखडा सांगतो.

बर्जॉन ही स्वित्झर्लंडमधल्या ल लॉक्लची कंपनी, १७९१ पासूनची. तिच्या स्क्रूड्रायव्हरवर मापाप्रमाणे रंग असतात: ०.८० मिलिमीटरला पिवळा, १.०० ला काळा, १.२० ला लाल, १.४० ला करडा, १.६० ला जांभळा. चावीच्या एचएमटीचं बहुतेक काम या पाचांत उरकतं. चिनी संचांनी हेच रंग उचललेत, म्हणून फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. फरक हातात घेतल्यावर कळतो. चांगल्या स्क्रूड्रायव्हरची डोक्यावरची चकती तर्जनीखाली स्थिर राहते आणि खालची मूठ लोण्यासारखी फिरते. स्वस्तात चकती अडखळते, पातं धरणारा बारीक स्क्रू ढिला होतो आणि मऊ पोलादाचं टोक मुरगळतं. एका स्विस नगाच्या किमतीत चिनी अख्खा संच येतो हे खरं. पण स्विसमधले पाचही एकदम घ्यायला कुणी सांगितलंय? पिवळा, लाल आणि जांभळा हे तीन सुटे घ्या, बाकीचे जमेल तसे. पाती वेगळी मिळतात, मूठ आयुष्यभर पुरते.

आणि तिसरा रस्ता आपल्या गावातच आहे. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत, अनगोळच्या बाजूला, लेथ आणि ग्राइंडरवर उभं आयुष्य काढलेली माणसं राहतात. चिनी संचाची पाती त्यांच्यापैकी कुणाकडून एकसारखी, दोन्ही बाजूंनी सपाट घासून घेतली तर तोच संच बराच सुधारतो. एक सांगून ठेवा: चाकावर साधं पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला, मग ते टोक पहिल्याच घट्ट स्क्रूला वळणार. पाण्यात बुडवत, हलक्या हाताने घासायला हवं. एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) सळईचं पातं करून मिळालं तर ही भानगडच नाही, ते तापलं तरी कणखर राहतं. नंतरची देखभाल घरी तेलाच्या दगडावर होते. टोक सुरीसारखं धारदार करायचं नाही, खाचेत घट्ट भरेल एवढंच ठेवायचं.

सिकोवाल्याला यातलं जवळजवळ काही लागत नाही. एनएच३५ वर डायल स्क्रूने नव्हे, दोन खुंट्यांवर दाबून बसतं. त्याने चिनी संच खुशाल घ्यावा आणि वाचलेले पैसे पुढच्या दोन विभागांसाठी ठेवावेत.

चिमटे

चिमट्यांच्या बाबतीत दोघांनीही थोडं सोसावं. ड्युमॉन्ट या स्विस कंपनीचा तीन नंबर रोजच्या कामाला, पाच नंबर हेअरस्प्रिंगसाठी, म्हणजे केसासारख्या बारीक गुंडाळलेल्या स्प्रिंगसाठी. पाच नंबरचं टोक इतकं नाजूक की टेबलावरून एकदा खाली पडला तर संपला. नवशिक्याने तो पहिल्या खेपेला घेऊच नये. स्वस्तात व्हेटस हा चिनी चिमटा चांगला, पण त्याच्या नकला इतक्या सुटल्यात की नावावर विसंबून चालत नाही. आला की उजेडासमोर धरा आणि हळूच मिटा. आधी टोकं भिडली पाहिजेत. आणखी दाबल्यावर टोकं फाकत असतील तर त्याने धरलेला प्रत्येक स्क्रू टणकन उडून फरशीच्या सांध्यात जाणार.

पोलाद कुठलं हा प्रश्न आपल्याकडे जास्त महत्त्वाचा आहे. कार्बन पोलादाचं टोक कडक राहतं, पण ते चुंबक पकडतं आणि गंजतं. जांबोटी, कणकुंबी, खानापूर या पावसाच्या मुलखात जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तिथे कार्बनचा चिमटा उघडा ठेवणं म्हणजे गंजाला आवतण. खानापूरकराने स्टेनलेस किंवा चुंबक न धरणाऱ्या मिश्रधातूचा घ्यावा. चिकोडी-रायबागकडच्या कोरड्या हवेत कार्बन चालून जाईल. कुठेही राहा, औषधाच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी हत्यारांच्या डब्यात टाकायला काय जातंय? टोकं पुसायला परदेशात झाडाचा मऊ गाभा वापरतात. आपल्याकडे बाशिंगाच्या भेंडाचा तुकडा त्याच कामाला येतो.

सिकोवाल्याने एक पितळी चिमटाही घ्यावा, काटे आणि डायल धरायला. पितळ मऊ, ओरखडा कमी.

झाकण आणि काच

इथे दोघांच्या वाटा पूर्ण वेगळ्या होतात. जनतासारख्या बहुतेक चावीच्या एचएमटींचं झाकण दाबून बसवलेलं असतं. कडेला एक बारीक ओठ शोधायचा, तिथे पातळ बोथट सुरी घालून उचलायचं. सुरी कुठलीही चालते, फक्त तिची धार जाड आणि टोक गोलसर हवं.

सिकोच्या डायव्हरचं (पाणबुड्यांसाठीच्या घड्याळाचं) झाकण आट्यांचं. आधी चिकट रबरी चेंडू दाबून फिरवून बघा, अनेक झाकणं तेवढ्यावर सुटतात. नाही सुटलं तर झाकणाच्या खाचांत खुंट्या अडकवून फिरवायचा जॅक्सा पाना. बर्जॉनचा महाग आहे आणि त्याच्या नकला ढिगाने मिळतात. नकलेत खोट एकच: खुंट्या बसतात त्या फटी सैल असतात, जोर आला की खुंटी तिरकी होऊन खाचेतून सुटते आणि झाकणावर अर्धगोल चरा ओढते. महिन्यातून एखादं झाकण उघडणाऱ्याने नक्कल घ्यावी आणि खुंट्या उद्यमबागेतून नव्या, घट्ट बसणाऱ्या करून घ्याव्यात. खर्च किरकोळ. पाना कुठलाही असो, घड्याळ हातात धरून तो फिरवायचा नाही. नायलॉनच्या पकडीत अडकवा.

काच दाबायचा प्रेस हे सिकोवाल्याचं मुख्य हत्यार, आणि ते विकत घेण्यापेक्षा करून घेणं शहाणपणाचं. स्वस्त प्रेसची दांडी हलते, वरचा आणि खालचा साचा समांतर राहत नाहीत, आणि तिरकी दाबलेली काच कडेला टवका सोडते. सिकोच्या एसकेएक्स००७ या डायव्हरची काच ३१.५ मिलिमीटरची. सभोवती गॅस्केट (पाणी अडवणारी कडी) असतं, ती सरळच बसली पाहिजे. लेथवाल्याला समांतर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. जाड खांबांची छोटी स्क्रू-प्रेस आणि डेलरिन या कडक प्लॅस्टिकच्या दांड्यातून कापलेले, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने वाढणारे साचे एवढं सांगा. माझं मत विचाराल तर ही बेळगावात केलेली प्रेस बाजारातल्या मधल्या किमतीच्या प्रेसपेक्षा उजवी ठरते. एचएमटीची काच अ‍ॅक्रिलिकची. ओरखडे ब्रासोने घासून जातात, काच बदलायची असेल तर ती कडेने आकसून धरणारं पंजाचं हत्यार लागतं, आणि ते चिनीच घ्या.

काटे

सिकोच्या काट्यांची भोकं तास १.५०, मिनिट ०.९०, सेकंद ०.२० मिलिमीटर. सेकंदाचा काटा हेच संकट. तो बसवायच्या हत्याराचं टोक प्लॅस्टिकचं आणि पूर्ण सपाट हवं, आणि आयग्लासशिवाय (डोळ्याला लावायच्या भिंगाशिवाय) हात लावायचा नाही. काढताना दोन तरफांची जोडी स्वस्तातलीही चालते, फक्त डायलवर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीचा कापलेला तुकडा घालायचा. स्प्रिंगवाला काटे-उपसा पाहायला झकास, पण जवळ जवळ बसलेल्या काट्यांत तो नीट घुसत नाही. पैसे अडकवू नका.

बाकीचं भराभर

आयग्लास दोघांनाही चिनी चालतो. २५ सेंटिमीटरला त्याच्या ताकदीने भागा, म्हणजे डोळा कामापासून किती जवळ न्यावा लागेल ते कळतं: पाचपटीला ५ सेंटिमीटर, दहापटीला अडीच. दहापट तपासायला, काम चार-पाचपटीवर. मशीन धरायची पकड, बर्जॉनच्या ४०४० ची नक्कल, बिनधास्त घ्या. चुंबक उतरवणारं निळं यंत्रही चिनीच.

तेलाबद्दल मात्र तडजोड नाही, आणि हा खर्च फक्त एचएमटीवाल्याचा. वेगाने फिरणाऱ्या चाकांना मोबियस ९०१०, सावकाश फिरणाऱ्यांना डी-५. शिवणयंत्राचं तेल पसरतं आणि वर्षभरात चिकट होतं. पॅलेट फोर्कच्या (चाकाला ठोक्या-ठोक्याने सोडणाऱ्या दुशाख्याच्या) धुऱ्यांना तेल द्यायचंच नाही. धुण्याच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा: पॅलेटचे खडे लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. तो भाग आयसोप्रोपिलमध्ये भिजत घालू नका. पेट्रोलमध्ये धुणारे आपल्याकडे बरेच, त्याने लाखेला धक्का लागत नाही, पण खिडकी उघडी आणि देवघरातला दिवा लांब.

घड्याळाची चाल मोजायचं वेईशी १००० हे यंत्र दहा हजारांच्या पुढे जातं. सिकोवाल्याला फोनमधलं अ‍ॅप पुरतं, शांत खोलीत ते पुढे-मागे किती ते सांगतं. एचएमटी धुऊन जोडणाऱ्याला बॅलन्स (मागे-पुढे झुलणारं चाक) किती अंशांत झुलतोय हे कळायला हवं आणि तिथे फोनचा भरवसा नाही. चार-पाच घड्याळं हातावेगळी झाल्यावर घ्या, त्याआधी नको.

काच बदललेल्या डायव्हरवर पूर्वीचे २०० मीटर अजून छापलेले असतात, म्हणून ते घालून मलप्रभेत उतरायचं नाही. दाबाची चाचणी करून देणारा सापडेपर्यंत ते हात धुण्यापुरतं.

खरेदीला लागण्याआधी खडेबाजार किंवा गणपत गल्लीतल्या एखाद्या घड्याळवाल्याकडे जाऊन भंगारातलं एचएमटी मशीन मागा, शक्यतो बॅलन्स तुटलेलं. नव्या हत्यारांची परीक्षा त्याच्यावर घ्या. चिमट्याने एकच स्क्रू वीस वेळा उचलून ठेवता आला तर चिमटा ठीक. पार्सल उघडताना फोनवर चित्रण करा, टोकं लगेच आयग्लासखाली बघा, आणि वाकडं निघालं तर त्याच संध्याकाळी परतीला टाका. खानापूरपलीकडे कुरिअरवाला परत न्यायला येईलच असं नाही, म्हणून पत्ता शहरातल्या मावशीचा किंवा मामाचा दिलेला बरा.