जुनी ब्रॉन्को की स्काउट टू?

कोलोरॅडोतल्या भाच्याला संग्रहासाठी जीपसारखी एकच जुनी अमेरिकी गाडी घ्यायची आहे: फोर्डची पहिल्या पिढीची ब्रॉन्को (1966–77) की इंटरनॅशनल हार्वेस्टरची स्काउट टू (1971–80). जाहिराती बाजूला ठेवून पाहू.

किंमत: ब्रॉन्को सरळसरळ महाग. मागच्या चाकांवरचा पत्रा न कापलेली असेल तर आणखीच. रुंद टायर बसवण्यासाठी लोकांनी तो सर्रास कापला, म्हणून मूळ पत्र्याला एवढा भाव. तेवढ्याच पैशात स्काउट बरीच चांगल्या अवस्थेतली मिळते.

गंज: इथे खरी मेख आहे. गंजतात दोन्ही, पण स्काउटचा पत्रा त्यासाठी कुप्रसिद्धच. गाडीखाली आडवं होऊन फरशी आणि दारांखालच्या पट्ट्या स्वतः ठोकून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नये. ब्रॉन्कोची अख्खी बॉडी आज नवी बनवून मिळते. स्काउटच्या पत्र्यासाठी मात्र शोधाशोध ठरलेली.

इंजिन: स्काउटचं 345 घनइंचाचं व्ही-8 (आठ सिलिंडरचं) इंजिन मला जास्त आवडतं, ट्रकच्या घराण्यातलं, दणकट. ब्रॉन्कोचं 302 हलकं, आणि त्याचे भाग कुठेही मिळतात.

चालवणं: ब्रॉन्कोचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 92 इंच, पुढे कॉइल स्प्रिंग, अरुंद वळणावर ती चटकन फिरते. स्काउटचा 100 इंच, चारही चाकांना पाट्यांच्या स्प्रिंग. हादरे जास्त, पण माणसं आणि सामान ऐसपैस मावतं.

पुढे विकायची असेल तर न कापलेली ब्रॉन्को. कुटुंबासह डोंगरात फिरायचं आणि वेल्डिंग येत असेल तर स्काउट. भाच्याला वेल्डिंग येतं.