व्हिडिओ कार्यशाळेचे परीक्षण : पहिला दिवस घ्यावा, दुसरा सोडावा

मोडी लिपीतील जुनी कागदपत्रे वाचून त्यांचे देवनागरीत लिप्यंतर करून देणे हा माझा गेल्या अकरा वर्षांचा व्यवसाय आहे. वकील, जमिनीचे दलाल आणि आधीचे ग्राहक यांच्या तोंडी शिफारशीवर तो चालत आला आणि जाहिरातीची गरज कधी भासली नाही. सप्टेंबर 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, गावोगावच्या दप्तरांतील मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) उघडले जाऊ लागले आणि मोडी वाचणाऱ्यांची मागणी एकाएकी वाढली. मागणीबरोबर, महिनाभराचा वर्ग करून तज्ज्ञ म्हणून मिरवणारेही वाढले. त्यांचे व्हिडिओ आकर्षक होते, माझा एकही नव्हता. तेव्हा पुण्यात कर्वे रस्त्यालगतच्या एका सभागृहात भरणाऱ्या, स्वतःच्या कामाचे प्रभावी व्हिडिओ स्वतः तयार करायला शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत मी नाव नोंदवले. संस्था अगदी लहान आहे आणि शिकवणारे दोघेच आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. शिवाय अशाच स्वरूपाच्या कार्यशाळा आता जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात भरतात, त्यामुळे पुढील निरीक्षणे त्यांतल्या कोणत्याही एकीत जाण्याआधी उपयोगी पडावीत.

शुल्क 6,500 रुपये असल्याचे जाहिरातीत लिहिलेले होते. पैसे भरताना त्यावर 18 टक्के जीएसटी लागला आणि आकडा 7,670 वर गेला. कर आकारण्याबद्दल तक्रार नाही, तो जाहिरातीत न सांगण्याबद्दल आहे. आम्ही चौदा जण होतो : एक करसल्लागार, दोन योगशिक्षिका, घरगुती उकडीचे मोदक पुरवणारे जोडपे, एक दिवाणी वकील, एक बालरोगतज्ज्ञ, गाड्यांचा विमा उतरवणारे दोघे आणि इतर काही.

पहिल्या दिवशीचे शिक्षक पूर्वी नाटकांच्या ध्वनियोजनेत काम करत असत आणि ते त्यांच्या शिकवण्यात पदोपदी जाणवत होते. आल्याआल्या त्यांनी प्रत्येकाला स्वतःच्या मोबाइलवर, कोणतीही तयारी न करता, तीस सेकंदांत आपली ओळख चित्रित करायला सांगितली आणि त्या चौदाही चित्रफिती पडदा बंद ठेवून केवळ ऐकवल्या. निम्म्याहून अधिक जणांचे बोलणे पंख्याच्या घरघरीत आणि खोलीच्या घुमण्यात हरवले होते. चित्र थोडे वाईट असले तरी माणूस पाहत राहतो, आवाज वाईट असला की तो पुढे सरकतो, असे ते म्हणाले. आणि पुढचे तीन तास कॅमेऱ्याला हात न लावता फक्त आवाजावर घालवले.

त्या तीन तासांतले एक प्रात्यक्षिक माझ्या कायमचे लक्षात राहील. एकच वाक्य त्यांनी आधी दोन मीटरवर ठेवलेल्या मोबाइलवर, मग एक मीटरवर आणि शेवटी हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावलेल्या कॉलर माइकवर मुद्रित केले. अंतर निम्मे झाले की थेट येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, पण भिंतींवरून परतणारा घुमारा जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून जवळचा साधा माइक लांबच्या महागड्या माइकला सहज मागे टाकतो, हे त्यांनी फळ्यावर न लिहिता कानाने पटवले. त्यानंतर बोलणाऱ्याच्या समोर कॅमेऱ्याच्या मागे एक गोधडी टांगून तेच वाक्य पुन्हा मुद्रित केले आणि रिकाम्या सभागृहाचा पोकळपणा बराचसा नाहीसा झाला. मी आता कपड्यांच्या कपाटाची दारे उघडी ठेवून त्यांच्याकडे तोंड करून बोलते. घरच्यांना हे विचित्र वाटते. आवाज मात्र स्वच्छ येतो.

दुपारनंतर प्रकाशाकडे वळलो. खिडकीकडे पाठ न करता तोंड करून बसावे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण चष्मा लावणाऱ्याने दिवा चेहऱ्यासमोर न ठेवता डोक्याच्या बराच वर आणि किंचित बाजूला ठेवून खाली झुकवावा, म्हणजे काचेत त्याची चमक उमटत नाही, हे मला कुणी सांगितले नव्हते. याहून मोलाची ठरली ती पट्ट्यांच्या प्रश्नाची उकल. घरी केलेल्या माझ्या प्रयत्नांत कागदावरून काळपट पट्ट्या सावकाश वर सरकताना दिसत आणि मी मोबाइल बिघडला असे समजून बसले होते. आपल्याकडे विजेचा प्रवाह 50 हर्ट्झचा असतो, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि जुन्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. मोबाइल मात्र सहसा सेकंदाला तीस चौकटी टिपतो आणि शटरचा वेग स्वतःच्या मर्जीने बदलत राहतो, म्हणून हा मेळ बसत नाही. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे सेटिंग हाताने ठरवता येणाऱ्या पर्यायात, जाऊन शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर कायम केले की पट्ट्या जातात. पाच मिनिटांत त्यांनी ते करून दाखवले आणि माझ्या हिशेबी निम्मे शुल्क तिथेच वसूल झाले.

माझे काम कागदाचे असल्यामुळे त्यांनी मधल्या सुटीत वेगळा वेळ दिला, हेही नोंदवले पाहिजे. प्लास्टिकच्या पाकिटातील दस्तऐवज वरून चित्रित करताना दिवा कॅमेऱ्याच्या शेजारी ठेवल्यास पाकिटावर पांढरा डाग पडतो. दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी तिरके ठेवल्यास तो पडत नाही आणि बोरूची अक्षरे ठसठशीत दिसतात. तसेच पांढऱ्या रंगाचा समतोल (व्हाइट बॅलन्स) मोबाइलवर सोपवला तर चौकटीत हात आला की पिवळट कागद निळसर होतो, हात गेला की पुन्हा पिवळा होतो. तो आधीच कुलूपबंद करावा लागतो. हे ज्ञान कोणत्याही जाहिरातीत न लिहिलेले आणि म्हणून अधिक मोलाचे होते.

दुसऱ्या दिवसाबद्दल असे लिहिता येत नाही. त्या दिवशीचे शिक्षक स्वतःला ब्रँड प्रशिक्षक म्हणवतात, बोलण्यात वाकबगार आहेत आणि त्यांच्याकडे प्रत्येक धंद्यासाठी एकच साचा आहे. पहिल्या तीन सेकंदांत हुक, म्हणजे लक्ष पकडणारे वाक्य, मग भीती, मग उपाय, शेवटी ‘लिंक खाली दिली आहे’. हा साचा मोदकांना, विम्याला, योगासनांना आणि मोडीच्या लिप्यंतराला जसाच्या तसा लावून दाखवण्यात सकाळ गेली. मला देण्यात आलेले सुरुवातीचे वाक्य होते, ‘तुमची वडिलोपार्जित जमीन तुमच्या हातून जाऊ शकते!’ जुन्या खरेदीखताचे वाचन करून घेण्याआधीच ग्राहकाला घाबरवणे माझ्या व्यवसायात अशोभनीय तर आहेच, पण ते खोटेही आहे, कारण कागद वाचून झाल्यावर मालकीचा निर्णय न्यायालय करते, लिप्यंतर करणारी नव्हे.

खरी अडचण वकीलबाईंच्या बाबतीत उघडी पडली. शिक्षकांनी त्यांना सुचवले की जिंकलेल्या खटल्यांची एक मालिका करावी आणि शेवटी फोन क्रमांक द्यावा. त्यांनी शांतपणे विचारले, ‘सर, बार कौन्सिलच्या नियमाचे काय?’ शिक्षकांना हा नियमच माहीत नव्हता. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा 36 वा नियम वकिलांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करून काम मिळवण्यास मनाई करतो आणि 2008 मधील दुरुस्तीनंतरही त्यांना स्वतःच्या संकेतस्थळावर ठरावीक माहितीच देता येते. डॉक्टरांच्या बाबतीत 2002 च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करणे गैरवर्तनात मोडते. तरीही बालरोगतज्ज्ञांना बरे झालेल्या मुलांच्या आईवडिलांची मनोगते चित्रित करण्याचा सल्ला मिळाला. ‘मॅडम, आजकाल सगळेच करतात,’ हे त्यावरचे उत्तर होते. स्वतःला प्रकाशात आणायला शिकवणाऱ्याने समोरच्याच्या व्यवसायाला कोणती बंधने आहेत हे आधी विचारलेच पाहिजे. पैसे घेऊन एखाद्याला परवाना धोक्यात घालण्याचा मार्ग दाखवणे ही सेवेतील साधी उणीव म्हणता येणार नाही.

संगीताच्या बाबतीतही असेच झाले. इन्स्टाग्रामवरील बिझनेस खात्यांना लोकप्रिय गाण्यांचा संपूर्ण संग्रह उपलब्ध होत नाही, कारण त्या गाण्यांचे परवाने व्यापारी वापरासाठी घेतलेले नसतात. यावर शिक्षकांचा उपाय असा की खाते पुन्हा वैयक्तिक करून टाकावे, गाणी परत येतात. गाणी येतात हे खरे, परंतु जाहिरातीसाठी ती वापरण्याचा हक्क काही येत नाही. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत विनामूल्य वापरता येणारे संगीत आहे, एवढे सांगितले असते तरी पुरे होते. माझ्या मते बोलण्याच्या व्हिडिओला पार्श्वसंगीताची गरज नसतेच; पण तो आवडीचा प्रश्न झाला.

जेवणानंतरचा दीड तास यूट्यूबवरून उत्पन्न कसे मिळवावे यात गेला. 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तास पाहणे झाले की जाहिरातींचा वाटा मिळू लागतो, हे गणित मनोरंजनाची वाहिनी चालवणाऱ्याला महत्त्वाचे आहे. आमच्यापैकी कुणालाही वाहिनी चालवायची नव्हती. मोदकवाल्या जोडप्याला कोथरूड आणि एरंडवण्यातील शे-दोनशे घरे हवी होती; त्यांचा व्हिडिओ नागपुरात लाख जणांनी पाहिला तरी एक मोदक जास्त विकला जाणार नाही.

या दिवसातला एकच अर्धा तास उपयोगी निघाला, तो म्हणजे यूट्यूब स्टुडिओमधील प्रेक्षक टिकून राहण्याचा आलेख वाचायला शिकवण्याचा. व्हिडिओच्या कोणत्या क्षणी किती लोक सोडून गेले हे त्या रेषेवरून दिसते. घरी येऊन मी पहिला व्हिडिओ केला, तो 4 मिनिटे 10 सेकंदांचा होता, आणि विसाव्या सेकंदाला निम्मे प्रेक्षक निघून गेले होते. त्या वीस सेकंदांत मी माझे नाव, शिक्षण आणि अनुभव सांगत होते. स्वतःची जाहिरात करायला बसलेल्या माणसाला स्वतःबद्दल बोलण्याचीच घाई असते, आणि नेमके तेवढेच पाहणाऱ्याला नको असते.

दुसरा व्हिडिओ करताना मी साचा बाजूला ठेवला आणि ग्राहक फोनवर मला वारंवार विचारतात त्यातला एकच प्रश्न घेतला : जुन्या कागदावर वर्ष अंकांत का सापडत नाही? चौकटीत फक्त कागद आणि माझे बोट. कारण ते अरबी शब्दांत लिहिलेले असते. पेशवाईतील पत्रांत, सुहूर सन या तेव्हाच्या कालगणनेनुसार, ‘सुहूर सन खमस सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले आढळते. खमस म्हणजे पाच, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, मिळून 1165. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1764 येतो, आणि हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलत असल्याने जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखांसाठी 600 मिळवावे लागतात. दोन मिनिटांत एवढेच सांगितले, शेवटच्या दहा सेकंदांत नाव आणि कामाचे स्वरूप. आजपर्यंत तो व्हिडिओ सहाशेच्या आसपास वेळा पाहिला गेला आहे, म्हणजे त्या शिक्षकांच्या लेखी तो पडला. त्यावरून नऊ चौकशा आल्या आणि चार कामे मिळाली, त्यातील एक इनामपत्रांचा पूर्ण रुमाल होता.

आणखी दोन गोष्टी कार्यशाळेत यायला हव्या होत्या आणि आल्या नाहीत. पहिली गोपनीयतेची. ग्राहकाचा कागद दाखवून काम सिद्ध करण्याचा मोह होतो, पण त्यावर घराण्याचे नाव, गाव, जमिनीचे वर्णन असते. मी आता परवानगी घेतलेले किंवा स्वतःच्या संग्रहातले कागदच वापरते आणि नावांवर चित्रीकरणाच्या वेळीच कागदाची पट्टी ठेवते, म्हणजे नंतर संकलनात धूसर करायचे राहून जाण्याची भीती उरत नाही. दुसरी भाषेची. ‘रीच’ वाढावा म्हणून हिंदी-इंग्रजी मिसळून बोलण्याचा आग्रह झाला, जो मोडी कागद बाळगणाऱ्या घरांच्या बाबतीत हास्यास्पद आहे. आपोआप उमटणाऱ्या उपशीर्षकांचे कौतुकही पुष्कळ झाले. परंतु ‘वतनपत्र’, ‘महजर’, ‘फारकत’ अशा शब्दांची त्यांत जी अवस्था होते ती पाहता, आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी उपशीर्षके हवीतच, पण ती हाताने टंकित करावीत.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात : सभागृह स्वच्छ, जेवण बरे, वेळेचे पालन पहिल्या दिवशी काटेकोर आणि दुसऱ्या दिवशी सैल. तीन महिने व्हॉट्सअॅप गटावर मार्गदर्शन मिळेल असे आश्वासन होते. तो गट दहाव्या दिवसापासून 25,000 रुपयांच्या ‘प्रगत’ अभ्यासक्रमाच्या जाहिरातींनी भरून गेला. ध्वनीचे शिक्षक मात्र वैयक्तिक संदेशांना अजूनही उत्तर देतात. गेल्याच आठवड्यात पावसाचा पत्र्यावरचा आवाज कसा टाळावा हे विचारले, तर त्यांनी लिहिले की टाळता येत नाही, पाऊस थांबेपर्यंत चहा घ्या.

कॅमेऱ्यासमोर बोलण्याची सवय नसलेल्या, घरच्या घरी मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्या कोणत्याही व्यावसायिकाला पहिला दिवस मी निःशंकपणे सुचवीन. वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल यांनी दुसऱ्या दिवसाच्या वाटेला जाऊ नये. फक्त पहिल्या दिवसाची नोंदणी जाहिरातीत दिसत नाही, पण फोन करून आग्रह धरल्यावर माझ्या एका मैत्रिणीला ती कर धरून 3,800 रुपयांत मिळाली. जाताना चष्मा, स्वतःचा मोबाइल आणि आपल्या कामातली नेहमी हाताळावी लागणारी एखादी वस्तू बरोबर न्यावी. मधल्या सुटीत त्या शिक्षकांना गाठणे सोपे असते.