थैलीला टॅग नव्हता

डिग्री कुरिअरनं आली. डिसेंबर २०२४, कापसाची दुसरी वेचणी सुरू होती. कुरिअरवाला आमच्या गावात येत नाही, म्हणून दारव्ह्याच्या बसस्टँडवर जाऊन मीच पाकीट घेतलं. एका पाकिटात दोन डिग्र्या: एमएस्सी बायोटेक्नॉलॉजी, आणि एमबीए इन बायोटेक आंत्रप्रेन्युअरशिप अँड लीडरशिप. जाड कागद, सोनेरी शिक्का, होलोग्राम. बाबांनी हात धोतराला पुसले, कागद उजेडाकडे धरला, मागून-पुढून पाहिला आणि म्हणाले, "याले टॅग कुठी हाय व?"

मी हसले. बाबा सोयाबीनचं प्रमाणित बियाणं आणतात त्याच्या थैलीला निळा टॅग असतो, पायाभूत बियाण्याला पांढरा. तो टॅग, कृषी केंद्राचं पक्कं बिल आणि मूठभर बियाणं ते बिस्किटाच्या डब्यात पीक घरात येईपर्यंत जपून ठेवतात. उगवण झाली नाही तर तालुक्याची समिती पंचनाम्याला आल्यावर आधी हेच मागते. चौथी शिकलेला माणूस तीन हजारांच्या थैलीला हे सगळं करतो. मी बीएस्सी बायोटेक्नॉलॉजी. अडीच लाखांच्या वस्तूला टॅग आहे की नाही ते मी पाहिलं नव्हतं. खरं म्हणजे पाहिलं होतं, पण चुकीच्या बाजूनं. ते पुढे सांगते.

बीएस्सी २०२२ मध्ये झाली. डोक्यात एकच होतं, ट्रायकोडर्मा, म्हणजे पिकाला रोगापासून वाचवणारी बुरशी. आमच्याकडे तूर मर रोगानं जाते. बीजप्रक्रियेसाठी लोक जी पुडी आणतात, तिच्यातली बुरशी जिवंत आहे की मेली हे कोणी बघत नाही. गावातच छोटी लॅब टाकावी, ताजा माल द्यावा, असं वाटायचं. कल्चर, म्हणजे बुरशी वाढवणं, करता येत होतं. धंदा कसा उभा करायचा, परवाना कुठून काढायचा, पैसे कोण देणार, यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर "बायोटेकमधले उद्योजक व्हा, मोफत सेमिनार, यवतमाळ" अशी जाहिरात आली तेव्हा ती माझ्यासाठीच छापलीय असं वाटलं.

हॉटेलचा हॉल, पोहे-चहा, पडद्यावर स्लाइड, ब्लेझर घातलेले सर. किरण मजुमदार-शॉ यांनी १९७८ साली बंगळुरूत गॅरेजमध्ये दहा हजारांच्या भांडवलावर बायोकॉन सुरू केली, हे त्यांनी सांगितलं. ते खरंच आहे. त्याआधी त्या ऑस्ट्रेलियात ब्रूइंगचं रीतसर शिक्षण घेऊन आल्या होत्या, हे सांगितलं नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजी एंटरप्राइज अँड आंत्रप्रेन्युअरशिप नावाची मास्टर्स आहे, हेही त्यांनी दाखवलं, आणि तेही खरं आहे. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, एकाच वेळी दोन डिग्र्या घ्यायला परवानगी दिली, त्याचं पेपरातलं कात्रण दाखवलं. तेही खरं. खोटी होती ती शेवटची स्लाइड, की हेच सगळं आमच्याकडे पंधरा महिन्यांत, घरबसल्या, आणि वर बायरॅक या सरकारी संस्थेची पन्नास लाखांची ग्रँट गॅरंटीनं. तीन वर्षांच्या बीएस्सीनंतर एमएस्सी दोन वर्षांची असते हे मला पाठ होतं. पण इतक्या खऱ्या गोष्टी ऐकल्यावर शेवटच्या वाक्याला हात वर करून प्रश्न विचारायची हिंमत होत नाही, निदान माझी झाली नाही.

मी अगदीच भोळी नव्हते. घरी येऊन यूजीसीच्या संकेतस्थळावरची बोगस विद्यापीठांची यादी उघडली. नागपूरचं एक नाव तिच्यात बरीच वर्षं आहे. ह्यांचं नव्हतं. झालं, मी निश्चिंत. हीच ती चुकीची बाजू. बोगस यादीत नाव नसणं म्हणजे मान्यता असणं नव्हे. कालपरवा उघडलेलं दुकान त्या यादीत येईल तरी कसं? पाहायची होती ती दुसरी यादी: केंद्रीय, राज्य, अभिमत आणि खासगी, अशी यूजीसीनं मान्य केलेली विद्यापीठं. १९५६ च्या यूजीसी कायद्याचं २२ वं कलम सांगतं की डिग्री द्यायचा अधिकार संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत दर्जा मिळालेल्या संस्थेला, किंवा संसदेनं खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. माझ्या डिग्रीवरचं "विद्यापीठ" ही दुसऱ्या राज्यात नोंदलेली एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी निघाली.

त्यांच्या माहितीपत्रकावर मात्र शिक्केच शिक्के होते. आयएसओ ९००१:२०१५, एमएसएमई नोंदणी, एनजीओ दर्पणचा नंबर, ट्रेडमार्क, आणि वर "भारत सरकार नोंदणीकृत". यातला एकही शिक्का खोटा नसेल. पण एमएसएमईची, म्हणजे उद्यमची, नोंदणी पापड लाटणाऱ्या बचतगटाच्या बाईलाही फुकटात मिळते. आयएसओ कामाच्या पद्धतीला असतं, ते साबणाच्या कारखान्यालाही घेता येतं. डिग्रीशी यातल्या कशाचाच संबंध नाही.

फी २,४०,०००. सीट बुकिंगचे २५,००० त्याच आठवड्यात यूपीआयनं मागितले. क्यूआर स्कॅन केला तर संस्थेचं नव्हे, कुणा एका माणसाचं नाव आलं. विचारलं तर "बेटा, वो हमारे अकाउंटंट है." त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० रुपये होता. म्हणजे साडेतीन क्विंटल कापूस मी बोटाच्या एका टोकानं अकाउंटंटच्या खात्यात टाकला.

उरलेल्या रकमेसाठी बँकेत गेले. शैक्षणिक कर्ज बघणाऱ्या साहेबांनी पत्रक उलटंपालटं करून विचारलं, "मान्यतेचं पत्र आहे का? त्याशिवाय नाही होणार." मला राग आला. वाटलं, खेड्यातल्या पोरीला बँक उभी करत नाही. त्या साहेबांचे उपकार मला दीड वर्षानं कळले. संस्थेच्या लोकांनी "बँकवाले असेच करतात" म्हणत मोबाइलवरच एका फायनान्स कंपनीचं कर्ज करून दिलं. आधार, पॅन, एक सेल्फी, दोन ओटीपी. २,१५,००० थेट संस्थेला गेले आणि महिन्याला ८,९६० चा हप्ता माझ्या खात्यातून कटायला लागला. तो कागद फीचा नव्हता, माझ्या नावावरच्या वैयक्तिक कर्जाचा होता. संस्था बुडाली तरी हप्ता चालूच राहतो, हे मराठीत समजावून सांगणारं तिथे कोणी नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीनं जाहीर सूचना काढली की मान्यता नसलेल्या परदेशी संस्थांच्या डिग्र्या विकणाऱ्या एडटेक कंपन्यांपासून सावध राहा. तेव्हा मी तिसरा हप्ता भरत होते.

शिकवलं काय? आठवड्यातून दोनदा ऑनलाइन वर्ग. त्यात व्हिजन, मिशन, पिच डेक, आणि यशस्वी माणसं पहाटे किती वाजता उठतात. (आमच्या गावात सगळेच पहाटे उठतात.) माझ्या कामाच्या गोष्टी मला नंतर कृषी विज्ञान केंद्रातल्या एका ताईंनी अर्ध्या तासात, फुकट सांगितल्या: ट्रायकोडर्मा कीटकनाशक कायदा १९६८ खाली येतो, केंद्रीय नोंदणीशिवाय विकता येत नाही, एका ग्रॅममध्ये किमान वीस लाख जिवंत बीजाणू लागतात, रायझोबियमसारखी जिवाणू खतं मात्र खत नियंत्रण आदेशाखाली येतात. आंत्रप्रेन्युअरशिपच्या पंधरा महिन्यांत परवाना हा शब्द एकदाही आला नाही. "इन्क्युबेशन लॅब" बघायला एकदा नेलं, ती एमआयडीसीतली एक खोली होती. लॅमिनार फ्लोवर प्लास्टिकचं कव्हर, ऑटोक्लेव्हची वायर गुंडाळून वर ठेवलेली. आम्ही सगळ्यांनी त्याच्यासमोर फोटो काढले.

आता लीडरशिप. हे लिहायचं मी दोन महिने टाळत होते.

लीडरशिपचे वीस क्रेडिट होते आणि त्याचं प्रोजेक्ट असं: आपल्या भागातून तीन विद्यार्थी "मेंटॉर" करायचे. म्हणजे तीन अ‍ॅडमिशन आणायच्या. दर अ‍ॅडमिशनमागे माझ्या फीत दहा हजारांची सूट, तीही तोंडी. मी दोघांना आणलं. एक आमच्या शेजारच्या गावची पोरगी, आणि दुसरा माझा मावसभाऊ. मावशीला मी स्वतः जाऊन सांगितलं होतं, "मावशी, मी शिकून राह्यली ना तिथं, काही होत नाही." सेमिनारमधल्या सरांवर मावशीनं विश्वास ठेवला नसता, तिनं माझ्यावर ठेवला. माझ्या जागी कोणी असेल तर एवढंच सांगते: ज्या कोर्समध्ये शिकण्याचा भाग म्हणून गिऱ्हाईक आणायला लावतात, तिथे त्याच दिवशी थांबा. मी तेव्हा थांबले असते तर नुकसान माझ्या एकटीचं झालं असतं.

शंका मला डिग्रीच्या आधीच आली होती, हेही कबूल करते. जून २०२४ मध्ये त्यांनी बायरॅकच्या प्रस्तावाची "प्रोसेसिंग फी" म्हणून ३५,००० मागितले. माझ्याकडे नव्हते, म्हणूनच मी स्वतः शोधायला बसले. बायरॅक ही केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०१२ मध्ये उभी केलेली संस्था. तिची बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट खरी आहे, दीड वर्षासाठी पन्नास लाखांपर्यंत. तिचे अर्ज वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून, ऑनलाइन भरायचे असतात आणि अर्जाला एक रुपयाही फी नाही. निवड प्रस्ताव तपासून आणि सादरीकरण घेऊन होते, गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. आणि त्यासाठी कुठल्या एमबीएचीही अट नाही! त्या रात्री मला सगळं कळलं होतं. तरी मी गप्प राहिले, कारण मावसभावाची अ‍ॅडमिशन होऊन दोनच महिने झाले होते. वाटलं, डिग्री तरी हातात येऊ दे.

डिग्री आल्यावर जानेवारी २०२५ मध्ये एका जैविक नियंत्रण प्रयोगशाळेत कंत्राटी जागेसाठी कागद नेले. तिथल्या बाबूंनी एवढंच विचारलं, "डिजिलॉकरात दिसते का?" माझी बीएस्सी दिसली. बाकी दोन दिसल्या नाहीत. त्यांनी कागद न बोलता परत माझ्याकडे सरकवले.

तोवर सोळा हप्ते गेले होते, १,४३,३६०. संस्थेचा फोन लागत होता, पण माझं नाव सांगितलं की कटत होता. ठाण्यात तक्रार दिली. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची म्हणून ती नव्या भारतीय न्याय संहितेत नाही, जुन्या दंड संहितेच्या फसवणुकीच्या ४२० कलमाखाली घेतली. मावसभावाचीही एप्रिल २०२४ ची, म्हणून तीही तशीच. यूपीआयच्या पावत्या, चॅट, कर्जाचा करार, कुरिअरचं पाकीटसुद्धा जोडलं. सेमिनारची जाहिरात मी डिलीट केली होती. ती शेजारच्या गावच्या पोरीकडे मिळाली. फायनान्स कंपनीला लेखी कळवलं. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकली. त्यासाठी वकील लागत नाही, फी नाही, आणि १४४४८ वर फोन केला तर माहिती देतात. तिचा निकाल अजून यायचा आहे. हप्ते मात्र मी बंद केले नाहीत. ते थांबवले असते तर सिबिल माझं बिघडलं असतं, त्यांचं नाही.

बाबा एका शब्दानं रागावले नाहीत. दोन्ही डिग्र्या त्यांनी बिस्किटाच्या डब्यात, टॅग आणि बिलांच्या खाली ठेवल्या. म्हणाले, "राहू दे. पंचनाम्याले लागंन." मावसभाऊ आता जीएटी-बीची तयारी करतोय. ती जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं चालणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची प्रवेशपरीक्षा आहे. निवड झाली तर एमएस्सीला विद्यावेतन मिळतं. तो माझ्याशी बोलतो. मावशी बोलत नाही.

मागच्या महिन्यात नेरच्या एका मुलीचा फोन आला, माझा नंबर तिला कुठून मिळाला कोण जाणे. संस्थेचं नाव वेगळं, सेमिनारची जाहिरात शब्दाशब्दाला तीच. आदल्या संध्याकाळी तिनं ५,००० भरले होते. क्यूआरवर कुणाचं नाव आलं होतं, विचारलं. एका माणसाचं. तिला फोन ठेवून तिथल्या तिथे १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, लावायला सांगितलं. पैसे होल्ड झाल्याचा मेसेज तिला दुपारी आला. परत अजून आलेले नाहीत.