शिक्का अस्सल, प्लेट बनावट! रशियन शाही भांडी घेणाऱ्यांनी वाचा

आम्ही वॉशिंग्टनजवळ राहतो, इथल्या हिलवूड म्युझियममधे झारांची भांडी बघितली तेव्हापासून मला त्यांचं वेडच लागलंय. त्यात क्रेमलिन सर्व्हिस म्हणून एक सेट आहे, पहिल्या निकोलसच्या हुकमावरून 1837 मधे सुरू झालेला, डिझाइन फ्योदोर सोल्नत्सेवचं, दोन डोक्यांचा गरुड, भोवती सोनं आणि असे रंग की चिनी माती नाही, मीनाकामच वाटावं.

मागच्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याकडे तसलीच प्लेट दिसली, 1,400 डॉलर. मागे हिरव्या रंगात मुकुट आणि दुसऱ्या निकोलसचं अक्षर. फुटलेल्यांच्या जागी नंतरच्या झारांच्या काळातही नवीन प्लेटा बनत होत्या त्यामुळे मला काही खटकलं नाही. शिक्का चार वेळा पडताळला, ग्लेझच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या चकचकीत थराच्या, खालचा होता, म्हणजे मागाहून मारलेला नाही. घेतली.

शिक्का खराच निघाला हो! फसवणूक वरच्या चित्रात होती. सेंट पीटर्सबर्गच्या शाही कारखान्यात शिक्का आधी, ग्लेझखाली, आणि रंग-सोनं नंतर वरून. 1917 ला क्रांती झाली तेव्हा तिथे शिक्का असलेला पण न रंगवलेला कोरा माल बराच पडून होता, सोव्हिएत चित्रकारांनीसुद्धा तो वापरला, फक्त झारचा शिक्का रंगाने झाकून टाकायचे. असली साधी पांढरी प्लेट आज कोणी घेतली, वर गरुड काढला आणि परत भाजली की झाली शाही.

हे मला कळलं एका जाणकार बाईंनी भिंगातून दाखवलं तेव्हा. पंखावर सुरीचे बारीक चरे होते, आणि सोनं त्या चऱ्यांच्या आत उतरलेलं. म्हणजे प्लेट आधी वर्षानुवर्षं जेवणात वापरली गेली आणि चित्र मग आलं! जुन्या चित्रावर चरा सोन्याला कापत जातो. शिवाय काठाला खसखशीएवढे काळे ठिपके, जुनं भांडं परत भट्टीत गेलं की मुरलेली घाण अशी वर येते म्हणाल्या. मला रडूच आलं तिथे.

विक्रेता पैसे द्यायला तयार नाही. म्हणतो आम्ही शिक्का अस्सल एवढंच लिहिलं होतं, आणि खरंच तेवढंच लिहिलंय, मी शंभरदा वाचलं. कोणी घेत असाल तर कृपया लेखी विचारा की रंगकाम शिक्क्याच्याच काळातलं आहे का, आणि चरे दिसतील असे तिरप्या उजेडातले फोटो मागवा. मला नऊ फोटो पाठवले होते, नऊच्या नऊ सरळ वरून काढलेले.