पारेषण वाहिनीची खर्चमर्यादा: कोणती पद्धत कुठे लागू पडते?

वीज दूरवर नेणाऱ्या नव्या उच्चदाब (पारेषण) वाहिनीचा खर्च वीज नियामक आयोगापुढे आला की पहिला प्रश्न हा विचारा: हा आकडा कोणत्या टप्प्यावरचा? नकाशावर रेघ ओढून काढलेला अंदाज प्रत्यक्षात दीडपट, कधी दुप्पटही होतो. मार्गाचे सर्वेक्षण, माती परीक्षण आणि मनोऱ्यांच्या जागा नक्की झाल्या की वाढीची शक्यता साधारण १० ते ३० टक्क्यांवर येते. कंपनीला ग्राहकांकडून किती खर्च वसूल करू द्यायचा, त्या मर्यादेची पद्धत यावरूनच ठरायला हवी.

पद्धती तीन. तिन्ही एकाच उदाहरणावर तपासू: अंदाज १०० कोटी, आकस्मिक (अनपेक्षित खर्चासाठीची) तरतूद १० कोटी, प्रत्यक्ष खर्च १२५ कोटी.

पहिली, प्रत्यक्ष खर्च आणि नंतर छाननी. भारतात वीज कायदा, २००३ च्या कलम ६२ खालील दरनिश्चिती साधारण या वळणाची. खर्च वाजवी ठरला तर १२५ पूर्ण ग्राहकांच्या दरात जातात. गुंतवलेल्या भांडवलावर परतावा मिळत असल्याने कंपनीला काटकसरीची घाई नसते. ॲव्हर्च आणि जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी हा दोष १९६२ मध्येच दाखवला होता. शिवाय छाननी होते तेव्हा मनोरे उभे असतात आणि सगळी कागदपत्रे कंपनीकडे असतात.

दुसरी, आधीच ठरवलेली कमाल मर्यादा. कॅलिफोर्नियात ५ कोटी डॉलरपेक्षा मोठ्या प्रकल्पाला मंजुरी देताना आयोगाने ‘वाजवी कमाल खर्च’ नमूद करावा, असे कायदाच सांगतो. सनराइज पॉवरलिंक वाहिनीसाठी २००८ मध्ये ही मर्यादा १८८.३ कोटी डॉलर होती. कंपनी कारणे देऊन वाढ मागू शकते. आपल्या उदाहरणात अंदाज आणि तरतूद मिळून मर्यादा ११०, म्हणजे वरचे १५ कंपनीच्या माथी. निम्मा वाटा ग्राहकांवर टाकला तर कंपनीला ७.५ सोसावे लागतात. ब्रिटनचा नियामक ऑफजेम खर्चातील फरक असाच वाटून देतो, प्रमाण मात्र वेगळे असू शकते. माझा कल वाटणीकडे आहे. मर्यादा ताठर असली की कंपनी सुरुवातीचा अंदाजच फुगवून आणते.

मर्यादेचा आदेश वाचताना आधारवर्ष, म्हणजे आकडा कोणत्या वर्षाच्या किमतींवर काढला आहे ते, पाहा, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. दरसाल ५ टक्के भाववाढ धरली तर पाच वर्षांत १०० चे सुमारे १२८ होतात. मग १२५ चा खर्च हा वाढीव खर्च आहे की नुसती महागाई? आधारवर्ष, पोलाद व ॲल्युमिनियमचा निर्देशांक, बांधकामकाळातले व्याज आणि जमिनीचा मोबदला मर्यादेत धरला आहे की नाही, हे आदेशात लिहिलेले नसेल तर आकडा कुचकामी.

आदेशात पाहण्याची दुसरी गोष्ट मनोऱ्यांची. सरळ रेषेतला मनोरा मुख्यतः तारांचे वजन पेलतो. वळणावरच्या मनोऱ्याला तारांचा ताणही सोसावा लागतो, म्हणून पोलाद जास्त आणि पाया मोठा. ४०० केव्हीच्या (किलोव्होल्ट) वाहिनीत दोन मनोऱ्यांतले अंतर साधारण ४०० मीटर. एखादी वस्ती टाळायला वाहिनी वळवली तर लांबी किलोमीटरभरच वाढेल, पण वळणाचे चार मनोरे वाढतील. अहवालात मात्र ‘लांबी १ किमी वाढली’ एवढेच दिसते. म्हणून मनोऱ्यांच्या प्रकारांची आणि पायांच्या प्रकारांची (कोरडी जमीन, पाणथळ, खडक, खांबांचा पाया) संख्या मर्यादेसोबत मागून घ्या.

तिसरी, स्पर्धात्मक बोली. कलम ६३ खाली बोलीदार ३५ वर्षांचे पारेषण शुल्क सांगतात आणि सर्वांत कमी बोली स्वीकारली जाते. वाढीव खर्च विजेत्याचा. कायद्यातला बदल किंवा दैवी आपत्ती असेल तरच दाद मागता येते. मार्ग ठरलेला, तांत्रिक तपशील पक्का आणि बोलीदार पुरेसे असतील तर हीच पद्धत घ्यावी. बोलीदार एक-दोनच असतील तर स्पर्धा नावापुरती राहते. मार्ग कच्चा असताना बोली मागवली, तर कमी दर सांगून काम घ्यायचे आणि पुढे भरपाईचे दावे लावायचे, हे ठरलेलेच.

मार्ग कच्चा असताना मंजुरी द्यावीच लागली, तर आकडा तात्पुरता ठेवा आणि सर्वेक्षणानंतर एकदाच दुरुस्ती होईल असे आदेशात घाला. समुद्राखालच्या केबलसारख्या अनिश्चित कामाला छाननीची पद्धत बरी, पण छाननी टप्प्याटप्प्याने, काम चालू असतानाच. मर्यादेच्या ८० टक्के रक्कम खर्च झाली की उरलेल्या कामाचा नवा अंदाज कंपनीने ३० दिवसांत द्यावा, अशी अटही मर्यादा घालणाऱ्या आदेशात हवी.