बडोदे स्थानक ते सूरसागर: सायंकाळच्या पायी फेरीविषयी अभिप्राय

बडोदे रेल्वे स्थानकाच्या सयाजीगंजाकडील दारातून रविवारी सायंकाळी साडेपाचला निघून कमाटीबाग, रावपुरा आणि दांडिया बाजार या मार्गाने सूरसागर तलावापर्यंत जाणारी एक मार्गदर्शित फेरी शहरातील काही तरुण अभ्यासक काढतात. अंतर साधारण तीन किलोमीटर, वेळ तीन तासांच्या आसपास आणि शुल्क माणशी 300 रुपये. पुरेशी मंडळी जमली तर सगळी माहिती मराठीतून मिळते. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना बडोदे दाखवायचे म्हटले की आपण त्यांना गाडीत बसवून थेट लक्ष्मीविलास राजवाड्याला नेतो आणि स्थानक ते जुने शहर हा सगळा पट्टा खिडकीतून निघून जातो. नेमका तोच पट्टा पायाखाली घालणारी ही फेरी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तिच्या उत्तरार्धात बरीच सुधारणा व्हायला हवी.

सुरुवातीचा भाग यथातथाच आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेच्या इमारतीचा, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट दाखवून मार्गदर्शक ताईंनी 1881 मध्ये सुरू झालेल्या बडोदा कॉलेजची आणि वास्तुरचनाकार चिझम यांची माहिती नेटकी सांगितली; परंतु सयाजीगंजातील रिक्षांच्या आणि बसच्या गोंगाटात मागे चालणाऱ्यांच्या कानावर त्यातले निम्मेही पडले नाही. पंधरा-सोळा जणांच्या गटासाठी गळ्यात अडकवायचा एखादा छोटा ध्वनिवर्धक आणणे आयोजकांना जड जाऊ नये. काळ्या घोड्यापाशी, म्हणजे महाराज सयाजीराव तिसरे यांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी, आम्ही जेमतेम दोन मिनिटे थांबलो आणि तेवढे पुरेसे होते.

फेरीचा खरा कस लागतो तो कमाटीबागेत, संकल्पभूमीपाशी, म्हणजे अस्पृश्यता नष्ट करण्याचा संकल्प डॉ. आंबेडकरांनी जिथे केला त्या जागी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करारानुसार नोकरीवर रुजू होण्यासाठी सप्टेंबर 1917 मध्ये याच स्थानकावर उतरले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण स्थानकातून स्वतःच्या पायांनी बागेपर्यंत चालत आल्यावर तो इतिहास निराळाच कळतो. ताईंनी तो रस्त्याच्या क्रमाने सांगितला. परदेशात उच्च शिक्षण घेतलेल्या या अधिकाऱ्याला राजधानीत राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव धारण करून त्यांना एका पारशी खानावळवजा विश्रामगृहात उतरावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना तिथून बाहेर काढण्यात आले. एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला, तेव्हा दोघांनीही सबबी पुढे केल्या आणि अखेर मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते या बागेत बसून राहिले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवलेले आहे. ताईंनी आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणण्याचा प्रयत्न केला नाही, एवढेच म्हणाल्या, “काका, काकू, आता दहा मिनिटे इथेच बसू या. बागेतून स्थानक किती जवळ आहे, ते आपण चालून पाहिलेच आहे.”

बडोद्याच्या मराठी घरांत सयाजीरावांविषयी जी भक्ती आहे, ती माझ्याही घरात आहे आणि ती सार्थ आहे, असे मी मानते. 1906 मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करणाऱ्या राजाविषयी आदर नसेल तरच नवल. तरीही त्यांच्याच शिष्यवृत्तीवर शिकलेल्या विद्वानाला त्यांच्याच राजधानीत डोके टेकायला छप्पर मिळाले नाही, ही गोष्ट आपण पाहुण्यांना सांगताना सहसा गाळतो. या फेरीत ती गाळली जात नाही आणि केवळ एवढ्यासाठीसुद्धा शुल्क वसूल झाले, असे मी म्हणेन. दरवर्षी 23 सप्टेंबरला, त्या संकल्पाच्या दिवशी, इथे दूरदूरहून माणसे येतात. शहरात राहणाऱ्या आपल्यापैकी कितीजण कधी आले, याचा विचार व्हावा.

बागेतून निघाल्यावर विश्वामित्रीच्या पुलावर थोडे थांबणे होते. कठड्यावरून खाली पाहिले तर गढूळ, संथ पाणी आणि चिखलाचे उतरते काठ दिसतात. भर शहरातील या नदीत मगरी राहतात, याचे नव्या पाहुण्यांना फार अप्रूप वाटते. पुढे रावपुऱ्यात 1896 च्या चिमणाबाई टॉवरजवळ खाण्याचा थांबा आहे आणि तो उत्तम निवडला आहे. सेव उसळीची ताटली हातात आली की वर जाड शेव, त्यावर कांद्याची पात, आणि शेजारच्या भांड्यातली तिखट तरी आपल्या बेताने ओतून घ्यायची. तरी पडल्याबरोबर शेवेचा खालचा थर मऊ होतो, वरचा कुरकुरीत राहतो. तेवढ्यात खाल्ली पाहिजे. शुल्कात एक ताटली धरलेली आहे, जादा पाव ज्याने त्याने घ्यावा.

यानंतर मात्र फेरीची घडी विस्कटते. तांबेकर वाड्यापाशी पोहोचेपर्यंत दिवेलागण झालेली होती आणि वाडा बंद होता. एकोणिसाव्या शतकातील ज्या भित्तिचित्रांसाठी हा वाडा पुरातत्त्व सर्वेक्षणाने जपला आहे, त्यांची छायाचित्रे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दाखवून आमची बोळवण करण्यात आली. मागणी अवाजवी नाही: तासभर आधी निघावे, किंवा वाड्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेतून काढावे.

दांडिया बाजारात तर आम्ही जवळजवळ पळत होतो. मराठी घरांचा, मंगल कार्यालयांचा आणि भजनी मंडळांचा हा भाग. मराठी साहित्य संमेलन 1909, 1921, 1934 आणि 2018 असे चारदा बडोद्यात भरले. मराठीतून काढलेल्या फेरीत याचा एका वाक्यानेही उल्लेख होऊ नये, याचे मला वाईट वाटले. सोबतच्या एका आजोबांनी आपण होऊन इथल्या जुन्या वाड्यांविषयी बोलायला सुरुवात केली, तर त्यांनाही “आजोबा, पुढे बोलू या” असे म्हणून थांबवावे लागले, कारण साडेआठपर्यंत सूरसागर गाठायचा होता. तलावाकाठी समारोपाचे भाषण ठेवण्यापेक्षा तो वेळ आजोबांसारख्या रहिवाशांना द्यावा, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे आणि त्यांचे सौजन्यपूर्ण उत्तरही आले आहे.

नोंदणी आदल्या दिवशी दूरध्वनीवरून करावी लागते आणि तेव्हाच मराठीतील फेरी हवी असे आवर्जून सांगावे. रावपुऱ्यातील पदपथ जागोजागी उखडलेले आणि दुचाक्यांनी अडवलेले असल्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी टॉवरपाशी फेरी सोडून रिक्षा घ्यावी. आयोजक त्यासाठी नाराज होत नाहीत.