कूलरच्या पाण्याने भिजलेला लॅपटॉप आणि जळगावातील एक दुरुस्ती केंद्र

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला, की आपल्याकडे कूलर आणि लॅपटॉप एकाच खोलीत नांदू लागतात. आमच्याकडे टाकी भरताना पाईप निसटला आणि चालू लॅपटॉपच्या कीबोर्डवर पाणी सांडले. शहरातील एका दुकानाने तो उघडून गरम हवेने वाळवला आणि सुरू करून परत दिला. काही दिवसांतच कळ न दाबता अक्षरे उमटू लागली आणि पुढे चार्जिंगही थांबले. त्यानंतर ज्या दुसऱ्या केंद्रात हे काम झाले, त्याविषयी हा अभिप्राय आहे.

तेथील तंत्रज्ञाने सर्वप्रथम पाणी कोणते होते आणि त्या वेळी लॅपटॉप चालू होता का, हे विचारले. या प्रश्नातच त्याची जाण दिसली. कूलरमधील पाण्याची सतत वाफ होते, पण त्यातील क्षार टाकीतच साचत जातात. त्यामुळे ते पाणी नळाच्या पाण्याहून अधिक क्षारयुक्त असते आणि त्यातून वीजही अधिक सहज वाहते. वाळवल्याने पाणी जाते, क्षार मात्र मदरबोर्डवरच, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट पट्टीवरच, राहतात. शिवाय लॅपटॉप बंद केला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत काही भागांत विद्युतदाब कायम असतो आणि ओलाव्यामुळे तेथील तांबे झिजत राहते. चार्जिंगच्या जोडणीजवळ चढलेला हिरवट थर त्याने भिंगाखाली आम्हाला दाखवला, तेव्हा आधीची दुरुस्ती का टिकली नाही, हे वेगळे सांगावे लागले नाही.

त्याने आधी बॅटरी सोडवली आणि मग एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारा भाग, काढून, ती वेगळ्या बाह्य पेटीत (केस) बसवून, आमच्यासमोरच सर्व फाइली आमच्या हार्ड डिस्कवर उतरवून दिल्या. यंत्र वाचेल की नाही हे ठरण्यापूर्वी माहिती सुरक्षित करण्याचा हा क्रम मला या सेवेतील सर्वांत मोलाचा वाटला. पुढे मदरबोर्ड अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये, म्हणजे चिपांच्या खालची घाणही सुटेल अशा पद्धतीने धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसण्यात आला आणि मल्टीमीटरने तपासून चार्जिंगच्या भागातील खराब झालेले घटक बदलण्यात आले. कीबोर्ड मात्र नवा बसवावा लागला.

लॅपटॉप तांदळात पुरून ठेवण्याचा किंवा गच्चीवर पापड-कुरडयांच्या शेजारी उन्हात ठेवण्याचा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. तांदूळ क्षार शोषत नाही, उलट त्याची पूड फटींत शिरते. आणि खान्देशातले ऊन लिथियम बॅटरीला मुळीच मानवणारे नाही.

उणिवाही आहेत. खर्चाचा अंदाज तोंडी सांगितला गेला. तो लेखी मिळायला हवा होता. जुना कीबोर्ड मागितल्यावरच परत मिळाला. कीबोर्ड बाहेरगावाहून मागवावा लागल्याने काम लांबले, पण त्याची कल्पना आधीच दिलेली होती. एकूण खर्च नव्या मदरबोर्डच्या किमतीपेक्षा बराच कमी आला. कंपनीची नेहमीची वॉरंटी द्रवामुळे झालेल्या नुकसानीला सहसा लागू होत नसल्याने अधिकृत केंद्रातही हा खर्च टळला नसता. नव्या कीबोर्डची हमी बिलावर लिहून मिळाली आहे; पाणी लागलेल्या मदरबोर्डची हमी देता येणार नाही, हे मात्र त्यांनी काम हाती घेण्यापूर्वीच सांगितले होते.